मान खाली, म्हणून मन खिन्न?

'पुढील विशेषणांचा वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न तुम्ही आजवर कितीतरी वेळा सोडविला असेल. त्यात 'खिन्न' हे विशेषण आले की बहुतेक वह्यांत एकाच साच्याचे वाक्य सापडते : 'नापास झाल्यामुळे राजू खिन्न होऊन मान खाली घालून बसला.' भाषेच्या शिक्षकांनी या वाक्याला खुशाल पूर्ण गुण द्यावेत. मी पदार्थविज्ञान शिकवितो, आणि मला या वाक्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच दोरीने बांधलेल्या दिसतात. राजूची मान खाली होती, ही डोळ्यांना दिसणारी, हवे तर कोनमापकाने मोजता येणारी गोष्ट. राजू खिन्न होता, हे मात्र आपण ठरविले. पहिले निरीक्षण, दुसरे अनुमान. एकावरून दुसऱ्यावर उडी मारण्याचा आपल्याला कितपत अधिकार आहे, हे आज तपासून पाहू.

इंग्रजीत तर या दोन्ही गोष्टींना मिळून एकच विशेषण आहे : 'डाउनकास्ट'. शब्दशः अर्थ 'खाली टाकलेले'. डोळे जमिनीकडे वळलेले असले की ते 'डाउनकास्ट', आणि माणूस उदास असला की तोही 'डाउनकास्ट'. डोळ्यांना लावले तर दिशा कळते, माणसाला लावले तर मनःस्थिती. कोशात या शब्दाचा आणखी एक अर्थ सापडतो, आणि तो आपल्या विषयाला अनपेक्षित उजेड देतो. कोळशाच्या खाणीत ज्या उभ्या विहिरीतून बाहेरची ताजी हवा खाली जाते तिला 'डाउनकास्ट' विहीर म्हणतात, आणि वापरलेली, तापलेली हवा ज्या विहिरीतून वर येते तिला 'अपकास्ट'. पूर्वी अपकास्ट विहिरीच्या तळाशी चक्क भट्टी पेटवून ठेवीत. तेथील हवा तापून हलकी होई व वर निघे, आणि तिची जागा घ्यायला दुसऱ्या विहिरीतून थंड, जड हवा खाली उतरे. इंग्लंडमधील हार्टली येथील खाणीला मात्र एकच विहीर होती. 16 जानेवारी 1862 रोजी पंपाच्या एंजिनाची प्रचंड तुळई मोडून त्या विहिरीत कोसळली, वाट बुजली आणि 204 माणसे दगावली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रत्येक खाणीला दोन वाटा असल्याच पाहिजेत असा कायदा झाला. सांगायचे असे की खाणीतल्या माणसाला 'डाउनकास्ट' विहीर म्हणजे श्वास. खाली जाणे म्हणजे दुःख, हे समीकरण तेथे लागू पडत नाही.

मग हे समीकरण आले कोठून? आपल्या भाषेकडे पाहा. चेहरा 'पडतो', तोंड 'उतरते', धीर 'खचतो'. संस्कृतात 'सद्' हा धातू आहे. त्याचा अर्थ बसणे, खाली बसणे. त्याला 'वि' उपसर्ग लागून 'विषाद' आणि 'विषण्ण' हे शब्द झाले, 'अव' लागून 'अवसाद'. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नाव 'अर्जुनविषादयोग' आहे हे तुम्हांला ठाऊक असेलच. 'खिन्न' हा शब्द 'खिद्' धातूपासून आलेला, त्यात दाबले जाण्याचा आणि थकण्याचा अर्थ आहे. इंग्रजीतले 'डिप्रेस्ड' म्हणजेही मुळात 'खाली दाबलेला', आणि 'डिजेक्टेड' म्हणजे 'खाली फेकलेला'. जणू काही दुःखाच्या साऱ्या शब्दांवर पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण चालते!

पण थांबा. त्याच 'सद्' धातूला 'प्र' उपसर्ग लावला की काय होते? 'प्रसन्न'! गढूळ पाणी घागरीत स्थिर ठेवले, त्यात तुरटी फिरविली, की गाळ खाली बसतो आणि पाणी नितळ होते. असे निवळलेले पाणी म्हणजे 'प्रसन्न' पाणी. मन प्रसन्न होणे हा त्यावरूनच आलेला अर्थ. म्हणजे 'विषण्ण' आणि 'प्रसन्न' ही एकाच आईची दोन लेकरे, आणि दोघांतही काहीतरी खाली बसलेलेच आहे. तेव्हा शब्दांची व्युत्पत्ती गमतीची असली तरी तिच्या भरवशावर शरीराविषयी निष्कर्ष काढता येणार नाही. शरीराकडेच वळले पाहिजे.

मानेची तरफ

प्रौढ माणसाच्या डोक्याचे वस्तुमान साधारण साडेचार ते पाच किलोग्रॅम असते. म्हणजे त्याचे वजन सुमारे 50 न्यूटन धरता येईल. हे डोके मणक्यांच्या माळेतील सर्वांत वरच्या मणक्यावर टेकलेले असते. मात्र ते तेथे तोलून बसविलेले नाही. डोक्याचा गुरुत्वमध्य टेकूच्या बरोबर वर न येता थोडा पुढे, चेहऱ्याच्या बाजूला येतो. त्यामुळे डोके सतत पुढे पडू पाहते आणि मानेच्या मागचे स्नायू त्याला सतत मागे ओढून धरतात. ही झाली पहिल्या प्रकारची तरफ. मध्ये टेकू, एका बाजूला भार, दुसऱ्या बाजूला बल. लहान मुलांच्या सी-सॉसारखी.

आता तरफेचा नियम लावू. बल × बलभुजा = भार × भारभुजा. समजा, गुरुत्वमध्य टेकूच्या पुढे 2.5 सेंटिमीटर आहे आणि स्नायू टेकूच्या मागे 5 सेंटिमीटर अंतरावर ओढतात. मग

बल × 5 = 50 × 2.5

म्हणजे बल 25 न्यूटन. डोके सरळ ठेवायला आपण दिवसभर एवढी मजुरी करीत असतो. (टेकूवर मात्र 50 + 25 = 75 न्यूटन दाब येतो. का, ते तुम्ही सांगा.) ही मजुरी थांबली की काय होते ते पाहायचे असेल तर दुपारच्या एस.टी.त बसा. डुलकी लागलेल्या प्रवाशाचे स्नायू सैल पडतात, डोके पुढे झुकते, मग झटका बसून तो दचकून जागा होतो, इकडेतिकडे पाहतो आणि पुन्हा तेच. त्याची मान खाली आहे, पण त्याला कोणी खिन्न म्हणत नाही.

एवढ्यावरून तुम्ही म्हणाल की खिन्न माणसाच्या अंगात बळ उरत नाही, स्नायू सैल पडतात आणि मान खाली येते, झाले स्पष्टीकरण. ते अर्धेच खरे आहे. मान थोडी झुकविली तर स्नायूंचे काम कमी होत नाही, उलट वाढते. मान वाकते तेव्हा टेकू सर्वांत वरच्या मणक्यावर न राहता मानेच्या मुळाशी आला असे ढोबळपणे धरू. तेथून डोक्याचा गुरुत्वमध्य 20 सेंटिमीटर उंच आहे असे समजू. मान 30 अंशांनी पुढे झुकली तर भारभुजा 20 × 0.5, म्हणजे 10 सेंटिमीटर होईल. बलभुजा तीच 5 सेंटिमीटर धरली, तर स्नायूंना 100 न्यूटन बल लावावे लागेल. दहा किलो धान्याच्या पिशवीला उचलून धरण्याएवढे! गणित ढोबळ आहे, खऱ्या मानेत सात मणके आणि स्नायूंचे अनेक थर असतात. परंतु दिशा बरोबर आहे. क्रिकेटची बॅट हातात उभी धरा आणि मग हळूहळू आडवी करा. मनगटाला जो ताण जाणवेल तोच प्रकार मानेचा. फोनवर किंवा पुस्तकावर तासन्‌तास वाकणाऱ्यांची मान दुखते ती याच कारणाने.

मान अगदी पूर्ण खाली, हनुवटी छातीला टेकेल इतकी गेली, की स्नायू पुष्कळसे स्वस्थ बसतात आणि मागचे अस्थिबंध ताणले जाऊन डोक्याचा भार तोलतात. गाय, बैल, घोडा यांच्या मानेत असा एक जाड, लवचिक अस्थिबंध असतो. त्याच्या जोरावर ते जड डोके खाली करून दिवसभर चरू शकतात. चरणारा बैल किती खिन्न दिसतो, असे कोणी म्हणत नाही.

थोडक्यात, खाली झुकलेली मान आपल्याला सांगते ती स्नायूंची आणि भाराची हकीकत. त्या मानेचा मालक झोपलेला, थकलेला, वाचणारा, लाजलेला, विचारात पडलेला किंवा दुःखी, यांपैकी कोणीही असू शकतो.

डोळ्यातील कप्पी

आता डोळ्यांकडे येऊ, कारण 'डाउनकास्ट' हे विशेषण मुख्यतः त्यांचेच. प्रत्येक डोळ्याचा गोल फिरविण्यासाठी सहा स्नायू असतात. चार सरळ, दोन तिरके. खाली पाहायला खालचा सरळ स्नायू लागतो. त्याच्या मदतीला वरचा तिरका स्नायू येतो, आणि त्याची रचना कोणाही पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाने टाळी द्यावी अशी आहे. हा स्नायू खोबणीच्या मागच्या टोकाकडून निघतो आणि नाकाच्या बाजूने वरच्या कोपऱ्यापर्यंत पुढे येतो. तेथे कूर्चेची एक बारीकशी कप्पी आहे. स्नायूचे टोक त्या कप्पीवरून वळसा घेते, मागे फिरते आणि डोळ्याच्या गोलाला वरून, मागच्या भागात जोडले जाते. विहिरीवरच्या रहाटाने काय होते? बलाची दिशा बदलते, आपण खाली ओढतो आणि बादली वर येते. येथेही तसेच. स्नायू ओढतो मागे, पण कप्पीमुळे गोलाचा मागचा भाग ओढला जातो पुढे आणि वर. गोलाचा मागचा भाग वर गेला की पुढचा भाग, म्हणजे बुबुळ, खाली जाते. स्थिर कप्पीचे उदाहरण म्हणून पुस्तकात नेहमी झेंड्याचा खांब देतात. ही कप्पी तर प्रत्येकाच्या डोळ्याशेजारी आहे.

या स्नायूला आज्ञा पोहोचविणारा मज्जातंतू मेंदूपासून निघणाऱ्या जोड्यांपैकी चौथा. आता त्याच्या नावाची कथा ऐका. इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी 1664 साली मेंदूच्या शरीररचनेवर ग्रंथ लिहिला. त्यांच्या मते मनात भावना उसळल्या की डोळे आपोआप फिरतात ते या तंतूमुळे. म्हणून त्यांनी त्याला लॅटिनमध्ये 'पॅथेटिकस' असे नाव दिले, म्हणजे 'भावनेचा'. पुढे बराच काळ हे नाव चालू होते. आज मात्र त्याला 'ट्रॉक्लिअर' म्हणतात. 'ट्रॉक्लिआ' म्हणजे कप्पी. भावनेचा तंतू गेला आणि कप्पीचा तंतू आला. नाव थोडे रुक्ष झाले खरे, परंतु माझ्या मते विज्ञानाने येथे मोठी शहाणपणाची गोष्ट केली. जे दिसत होते ते कप्पी होती. भावना हा विलिस यांचा अंदाज होता. हा तंतू दुखावलेल्या रोग्यांची तक्रार काय असते? जिना उतरताना आणि वाचताना एकाच्या दोन वस्तू दिसतात. म्हणजे 'भावनेच्या' तंतूचे रोजचे काम पायऱ्या उतरविणे आणि पुस्तक वाचविणे हे निघाले.

डोळा खाली वळला की वरची पापणीही त्याच्याबरोबर खाली सरकते. अर्धी मिटलेली पापणी आणि दिसेनासे झालेले बुबुळ यांमुळे पाहणाऱ्याला तो चेहरा उदास वाटतो. परंतु हीच पापणी सुईत दोरा ओवणाऱ्या आजीची असते, आणि तांदूळ निवडणाऱ्या आईचीही.

डार्विन यांची चौकशी

खिन्न चेहऱ्याची खूण कोणती, याची पद्धतशीर चौकशी चार्ल्स डार्विन यांनी केली. 1867 मध्ये त्यांनी एक छापील प्रश्नावली जगभर पाठविली, आणि 1872 साली माणसाच्या व प्राण्यांच्या भावनाविष्कारावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दीर्घ दुःखात डोके लोंबते, गाल, ओठ व खालचा जबडा आपल्याच वजनाने खाली येतात आणि चेहरा लांबट दिसतो, असे त्यांनी नोंदविले आहे. येथवर सारे गुरुत्वाकर्षणाप्रमाणे. पण खिन्नतेची जी विशेष खूण म्हणून त्यांनी सांगितली ती नेमकी उलट दिशेची आहे : भुवयांची आतली, नाकाकडची टोके वर उचलली जातात आणि कपाळाच्या मधोमध आठ्या पडतात. ओठांचे कोपरे खाली आणि भुवयांची आतली टोके वर! हे करणाऱ्या स्नायूंना डार्विन 'शोकस्नायू' म्हणतात. आरशापुढे उभे राहून भुवयांची फक्त आतली टोके उचलून पाहा. बहुतेकांना ते जमत नाही, असे डार्विन यांनाही आढळले होते. मान तर कोणालाही खाली घालता येते. म्हणून नाटकातले दुःख मानेवरून दाखवितात, आणि खरे दुःख पुष्कळदा भुवईत राहून जाते.

डार्विन यांच्या प्रश्नावलीला आपल्याकडूनही उत्तरे गेली, आणि त्यातील दोन एकमेकांशेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे राहणारे अर्स्किन नावाचे गृहस्थ तेथील लोकांचे चेहरे न्याहाळीत होते. त्यांना खात्रीलायक असे काहीच सांगता येईना. कारण युरोपियन माणूस समोर असला की लोक आपल्या साऱ्या भावना झाकून ठेवीत. दुसरे निरीक्षक कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानातील स्कॉट. त्यांनी बागेतील एका कामगाराच्या बायकोला झाडांच्या आडून पाहिले. तिच्या मांडीवरचे मूल मरणाच्या दारात होते. आपल्याला कोणी पाहते आहे हे तिला ठाऊक नव्हते. उचललेल्या भुवया, जड पापण्या, कपाळाच्या मध्यावर आठ्या, ओठांचे खाली ओढलेले कोपरे, सारे काही स्कॉट यांना स्पष्ट दिसले. मग ते पुढे आले आणि तिच्याशी बोलले, तेव्हा ती दचकली, तिने हंबरडा फोडला आणि बाळाला वाचविण्यासाठी ती त्यांची विनवणी करू लागली.

नगरला साहेबापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाने मान खाली घातली असेल ती दुःखाने, भीतीने की नुसत्या रिवाजाने, हे अर्स्किन यांना कसे कळावे? आणि त्यांनी तसे प्रामाणिकपणे कळविले, ही त्यांची थोरवी. पाहणारा कोण आहे यावर समोरचा चेहरा बदलतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

1978 साली अमेरिकेतील पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी चेहऱ्याच्या हालचाली नोंदविण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात प्रत्येक हालचालीला क्रमांक आहे. भुवयांची आतली टोके उचलणे हा क्रमांक 1, ओठांचे कोपरे खाली ओढणे 15, डोके खाली झुकविणे 54, डोळे खाली वळविणे 64. नोंद करणाऱ्याने लिहायचे ते आकडे. 'खिन्न' हा शब्द त्याने नोंदीत लिहायचा नाही. अर्थ लावण्याचे काम नंतरचे, आणि वेगळे. तुमच्या प्रयोगवहीत 'निरीक्षण' आणि 'अनुमान' असे दोन रकाने आखून घेतात ते याचसाठी. 'विद्युतघट कमजोर झाला' हे निरीक्षण नव्हे. 'व्होल्टमापीचे वाचन 1.1 व्होल्ट' हे निरीक्षण.

रबरबँडचा प्रयोग

घरातला एखादा उभा गोल डबा घ्या. त्याच्या मध्यावर रबरबँड चढवा. डबा डोळ्यांच्या पातळीत हातभर अंतरावर धरला की रबरबँड सरळ आडव्या रेषेसारखे दिसेल. हे झाले ओठ. आता डब्याचा वरचा भाग तुमच्याकडे झुकवा, म्हणजे डब्याने मान खाली घातली असे होईल. रेषेकडे पाहा. तिचा मध्य खाली आला आणि दोन्ही टोके वर गेली. डबा हसतो आहे! आता उलट करा, डब्याचे डोके मागे झुकवा. रेषेची टोके खाली आली, डबा रडवेला झाला. आपले ओठही दातांच्या गोलाईवर बसलेले असल्यामुळे थोड्याफार प्रमाणात तेच घडते. म्हणजे नुसत्या भूमितीचे ऐकायचे तर मान खाली घातलेला चेहरा अधिक आनंदी दिसायला हवा.

जपानच्या 'नो' नाट्यात नट लाकडी मुखवटा घालतात. मुखवट्याचा एकही स्नायू हलत नाही, तरी मान किंचित खाली केली की त्याला 'कुमोरासु', म्हणजे मळभ आणणे, असे म्हणतात आणि तो दुःखाचा भाव मानला जातो. मान किंचित वर केली की 'तेरासु', म्हणजे उजळणे. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा मुखवटा निरनिराळ्या कोनांतून जपानी व ब्रिटिश प्रेक्षकांना दाखविण्यात आला. पुढे झुकलेला मुखवटा अधिक वेळा आनंदी ठरला आणि मागे कललेला दुःखी, अगदी आपल्या डब्याप्रमाणे. खऱ्या माणसाच्या चेहऱ्याबाबत जपानी व ब्रिटिश प्रेक्षकांत फरक दिसला नाही, पण मुखवटा फार पुढे झुकला की जपानी प्रेक्षकांचे मत उलटू लागले. डोळ्यावर पडणारे चित्र एकच, पण वाचणारे दोन. ज्या समाजात झुकलेल्या मानेला जो अर्थ शिकविला जातो, तो अर्थ पाहणारा सोबत घेऊन येतो.

डोके खाली पण डोळे मात्र रोखून समोर, असे केले तर? 2019 मध्ये कॅनडातील संशोधकांनी दाखविले की अशा चेहऱ्याच्या भुवया खाली उतरल्यासारख्या दिसतात आणि तो माणूस दरारा बसविणारा वाटतो. शाळेतले एखादे कडक सर चष्म्यावरून पाहतात तेव्हा त्यांचीही मान खालीच असते!

मराठी भाषेला हे सगळे प्रयोग न करताच ठाऊक होते की काय, असे वाटते. मान 'खाली घातली' तर लाज, 'तुकविली' तर मान्यता, 'लवविली' तर आदर, 'खालमानेने' ऐकले तर आज्ञाधारकपणा. पाणी न मिळाल्यामुळे पिकांनी माना 'टाकल्या' तर पेशींतील पाण्याचा दाब कमी झालेला, आणि दाणा भरून कणीस वाकले तर सुगी आलेली. मानेचा कोन तोच, क्रियापद निराळे. इंग्रजीने एका विशेषणात जे कोंबले, ते मराठीने पाच-सहा क्रियापदांत वाटून दिले. मला मराठीची ही तऱ्हा जास्त शास्त्रीय वाटते.

वर्गातली खाली नजर

हा विषय शब्दांपुरता असता तर मी तो भाषेच्या शिक्षकांवर सोपविला असता. परंतु खाली वळलेल्या नजरेचा अर्थ रोज कोणीतरी लावतो, आणि त्यावर गुण अवलंबून असतात.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळी एका केंद्रावर तोंडी परीक्षा चालू होती. एका मुलीला विचारले, 'व्होल्टमापी मंडलात एकसर का जोडीत नाहीत?' तिने नजर टेबलाकडे वळविली आणि गप्प उभी राहिली. माझे सहपरीक्षक हळूच म्हणाले, 'जाऊ द्या हो, चेहराच पडला बिचारीचा, पुढचा मुलगा बोलवा,' आणि त्यांनी गुणपत्रिकेकडे हात नेला. मी त्यांना थांबायला सांगितले. अर्धे मिनिट तरी गेले असेल. मग मुलीने वर पाहिले आणि सांगितले की व्होल्टमापीचा रोध फार मोठा असतो, तो एकसर जोडला तर मंडलातील धारा जवळजवळ थांबेल आणि जे मोजायचे तेच बिघडेल. उत्तर पुस्तकातल्यापेक्षा चांगले होते.

ती खाली पाहून काय करीत होती, याचे उत्तर आता प्रयोगांनी मिळाले आहे. 1998 साली अमेरिकेतील आर्थर ग्लेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की प्रश्न जसजसा अवघड होतो तसतसे लोक समोरच्यापासून नजर जास्त वळवितात, आणि डोळे मिटून घेतले तर आठवणेही सुधारते. समोरचा चेहरा म्हणजे मेंदूला सतत वाचावे लागणारे एक पुस्तकच. तिकडून नजर काढली की तेवढी शक्ती आठवण्याकडे लावता येते. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठातील संशोधकांनी हेच मुलांवर पाहिले. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पाच वर्षांच्या मुलांना विचार करताना नजर दुसरीकडे वळवायला शिकविले, तेव्हा त्यांची उत्तरे अधिक बरोबर येऊ लागली. आणि आपण काय करतो? 'अरे, खाली काय बघतोस? इकडे बघून उत्तर दे!' जे साधन मुलाने नकळत हाती घेतलेले असते तेच काढून घेतो. आपल्याकडे तर वडीलधाऱ्यांच्या डोळ्याला डोळा देऊ नये असेही घरी शिकविलेले असते. घरी नजर वर केली तर उद्धट, शाळेत खाली केली तर मठ्ठ! मुलाने पाहावे तरी कोठे?

याचा अर्थ खिन्नता शरीरात उमटतच नाही असा नव्हे. 2009 मध्ये जर्मनीतील योहानेस मिखालाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्याच्या विकाराने आजारी असलेल्या माणसांचे चालणे कॅमेऱ्यांनी मोजले. त्यांचा वेग कमी होता, हातांचे झोके लहान होते, चालताना डोके वरखाली होते ते कमी होत होते आणि पाठीत पोक होता. पण हे फरक किती तरी मोजमापे घेऊन, दोन गटांची तुलना करून मिळालेले आहेत. एका मुलाकडे एकदा पाहून 'हा उदास आहे' असे म्हणण्याला त्यातून आधार मिळत नाही. उलट बाजूही आहे. ताठ मानेने, हसतमुखाने वावरणारा तुमचा मित्र आतून खचलेला असू शकतो, आणि त्याची मान खाली दिसण्याची वाट पाहत बसलात तर ती कदाचित कधीच दिसणार नाही. तेथे कोनमापक कामाचा नाही. 'काय रे, बरा आहेस ना?' असे विचारावेच लागते.

आता पुन्हा वाक्याकडे. 'राजू खिन्न होऊन मान खाली घालून बसला' हे वाक्य कथेत शोभेल, कारण राजूच्या मनात काय आहे ते लेखकाला ठाऊकच असते. तेच वाक्य प्रयोगवहीत, वृत्तान्तात किंवा एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकातील शेऱ्यात लिहायचे असेल तर असे लिहा : 'राजू दहा मिनिटे मान खाली घालून बसला होता, तो कोणाशी बोलला नाही. विचारल्यावर, वाईट वाटते आहे असे म्हणाला.' शब्द वाढले खरे, पण प्रत्येक शब्दामागे कोणी काय पाहिले किंवा ऐकले ते आले. 'उदास संध्याकाळ', 'खिन्न रस्ता' असे प्रयोग तुम्ही वाचले असतील. संध्याकाळीला मान नसते आणि रस्त्याला मन नसते, खिन्न असतो तो पाहणारा. कवीला ती सूट आहे. माणसाविषयी लिहिताना मात्र आपली खिन्नता आपण समोरच्याच्या अंगावर चढवीत नाही ना, हे पाहावे.

शेवटी एक खेळ देतो, शिक्षकांनी तो वर्गात जरूर घ्यावा. पाच मुलांना बाजूला नेऊन एकेक काम गुपचूप सांगा. एकाने मनातल्या मनात 17 गुणिले 6 करायचे, दुसऱ्याने बुटाची सुटलेली नाडी कशी बांधायची ते आठवायचे, तिसऱ्याने मागच्या वर्षीच्या सहलीतला मजेचा प्रसंग आठवायचा, चौथ्याने एखादी वाईट बातमी ऐकल्याचे नाटक करायचे, आणि पाचव्याने काहीच करायचे नाही. पाचही जणांनी मान खाली घालून, नजर जमिनीवर ठेवून अर्धे मिनिट वर्गासमोर उभे राहायचे. वर्गातील प्रत्येकाने कोणाशी न बोलता पाच चिठ्ठ्यांवर प्रत्येकासाठी एकेक विशेषण लिहायचे. चिठ्ठ्या गोळा करून मोजा. 'उदास', 'खिन्न', 'दुःखी' हे शब्द कोणाच्या वाट्याला किती आले याचा तक्ता फळ्यावर मांडा, आणि मग कोणाला काय काम दिले होते ते उघड करा. दुसऱ्या दिवशी तोच खेळ पुन्हा घ्या, पण या वेळी पाचही जणांच्या भुवया वर्गाला नीट दिसतील अशा बेताने त्यांना बाकावर उभे करा. दोन्ही तक्त्यांत काही फरक पडतो का ते पाहा.